हक्कांची तुलना आणि तळ्याचा दाखला

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. वेगवेगळ्या देशांत अपंगांचे हक्क किती पाळले जातात, ते मोजायचं कसं, आणि मोजून झालं की एका देशाची दुसऱ्याशी तुलना करायची कशी. हा विषय तळ्यात कशाला, मुंबई-पुण्यात ठीक आहे, असं आम्हाला इथं बोलावणाऱ्यांपैकीच एकांनी विचारलं होतं. आमचं म्हणणं असं की हा विषय तळ्यासारख्या ठिकाणीच नीट तपासता येतो. राजधानीत बसून तपासला की तो नेहमी बरा दिसतो.

आधी शब्दाचं सांगून टाकतो. सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ आहे. त्याआधी ‘अपंग’ होतं. आम्ही आज ‘अपंग’ म्हणणार आहोत, कारण वाडीवस्तीवर अजून ‘अपंगाचा दाखला’ असंच म्हणतात, आणि आजचं बरंचसं बोलणं त्या दाखल्याभोवतीच फिरणार आहे. ज्यांना दुसरा शब्द बरा वाटतो त्यांनी तो घ्यावा, भांडण नाही.

आता काही आकडे एकाशेजारी एक ठेवू. २०११ साली जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी मिळून अपंगत्वावर एक मोठा अहवाल काढला. जगातली सुमारे पंधरा टक्के माणसं कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगतात, असं त्यात म्हटलं. त्याच वर्षी भारताची जनगणना झाली. तिचा आकडा २.२१ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी ६८ लाख. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. दक्षिण आफ्रिकेची जनगणनाही २०११ चीच, तिथं साडेसात टक्के. न्यूझीलंडच्या २०१३ च्या पाहणीत चोवीस टक्के. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये १७.७ टक्के.

हे आकडे जसेच्या तसे खरे धरले तर काय होतं? न्यूझीलंडमध्ये दर चौथा माणूस अपंग आणि आपल्याकडं पन्नासात एक. म्हणजे आपण जगातले सगळ्यात धडधाकट लोक. असं कुणाला वाटतं का? इथं बसलेल्यांनी आपापल्या आळीतली घरं नुसती डोळ्यांसमोर आणावीत. तरुण माणसं मुंबईला, घरी आजी-आजोबा. पन्नास माणसांमागं एकच निघतो का ते बघा.

हा फरक माणसांच्या शरीरातला नाही, तो प्रश्नातला आहे. आपल्या जनगणनेच्या फॉर्मवर २०११ साली प्रश्न होता तो थोडक्यात असा: ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिक दृष्ट्या अपंग आहे का? हो की नाही. हो म्हटलं तर पुढं प्रकार लिहायचा, आठ प्रकारांपैकी. प्रगणक म्हणजे बहुतेक वेळा प्राथमिक शाळेतले गुरुजी किंवा बाई. ते दारात उभे राहून विचारतात, “घरात कुणी अपंग आहे का?” घरातून उत्तर येतं, “नाही हो गुरुजी, आमच्याकडं तसं कुणी नाही. आजीला नीट दिसत नाही, गुडघ्यानं चालवत नाही, एवढंच.” गुरुजी ‘नाही’ लिहितात. त्यांची काही चूक नाही, उत्तर ‘नाही’च आलेलं आहे. आणि घरात लग्नाची मुलगी असेल, तर तिच्या भावाला फिट येते हे बाहेरच्या माणसाला कोण सांगणार?

मराठीत ‘अपंग’ हा शब्द हातपाय गेलेल्या माणसाचं चित्र उभं करतो. म्हातारपणानं आलेलं अधूपण त्या चित्रात बसत नाही, ते ‘वय झालं’ मध्ये बसतं. मनाचा आजार बसत नाही, तो ‘डोक्यावर परिणाम’ मध्ये किंवा देवऋष्याकडं जातो. कमी ऐकू येणं तर चेष्टेचाच विषय. शब्द असा अरुंद असल्यावर त्याच्या आधारानं केलेली मोजणी रुंद कशी होईल?

दुसऱ्या देशांशी तुलना राहू द्या. आपलीच आपल्याशी करून बघू. २००१ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले लोक होते सुमारे १ कोटी ६ लाख, सगळ्या अपंगांच्या जवळजवळ निम्मे. २०११ मध्ये ते झाले सुमारे ५० लाख. दहा वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांची नजर परत आली की काय? तसं काही झालं नाही. २००१ मध्ये एका डोळ्यानं नीट दिसत असलं तरी दुसऱ्या डोळ्यासाठी माणसाला अपंग धरत होते, २०११ मध्ये धरलं नाही. उलट ऐकण्याचं. २००१ मध्ये सुमारे साडेबारा लाख, २०११ मध्ये ५० लाखांवर. चौपट. श्रवणयंत्र लावून ऐकू येणाऱ्याला आधी वगळत होते, नंतर धरलं, हे त्यातलं एक कारण. व्याख्या हलली की माणसं हलतात.

आणि त्याच्याही मागं जाऊ. इंग्रजांच्या जनगणनेत १८७२ ते १९३१ पर्यंत आंधळे, मुके-बहिरे, वेडे, कुष्ठरोगी असे रकाने होते. त्यांचा हेतू वेगळा होता, तो आज राहू दे. १९४१ पासून हे रकाने गेले. स्वतंत्र भारतात ते परत आले १९८१ ला, कारण ते संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्ष होतं. तेव्हा फक्त पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके मोजले. आकडा आला सुमारे ११ लाख. १९९१ ला पुन्हा प्रश्नच गायब. २००१ ला तो परत घालावा म्हणून अपंगांच्या संघटनांना दिल्लीत झगडावं लागलं, जावेद आबिदी त्यात पुढं होते. तेव्हा आकडा आला २ कोटी १९ लाख. वीस वर्षांत ११ लाखांचे २ कोटी १९ लाख. ही लोकसंख्येची वाढ म्हणायची का?

यावर उपाय निघाला नाही असं नाही. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं देशोदेशीच्या सांख्यिकी खात्यांचा एक गट बसला, त्याला वॉशिंग्टन ग्रुप म्हणतात. त्यांनी ‘अपंग’ हा शब्दच काढून टाकला. सहा साधे प्रश्न ठेवले. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा जिना चढायला? लक्षात ठेवायला, लक्ष देऊन काम करायला? आपली आंघोळ, कपडे करायला? दुसऱ्याचं समजून घ्यायला, आपलं समजावून द्यायला? उत्तरं चार: काही अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही. खूप आणि त्यापुढचं, ते अपंगत्व धरायचं.

आम्हाला हे प्रश्न आवडतात. आजीला विचारलं तर आजी खरं उत्तर देईल, तिला त्यात कमीपणा नाही. पण डोळे झाकून मान डोलवू नये. यातून मानसिक आजार बराचसा निसटतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हे प्रश्न लागूच पडत नाहीत, मुलांसाठी युनिसेफला बरोबर घेऊन वेगळी प्रश्नावली करावी लागली. आणि भाषांतराचं काय करायचं? ‘अडचण’ म्हणायचं की ‘त्रास’? “चालताना त्रास होतो का” म्हटलं की आपल्याकडं माणूस दुखण्याबद्दल बोलायला लागतो. “चालायला अडचण येते का” म्हटलं तर म्हणेल, रस्ता खराब आहे. ते तर त्याहून खरं! डोंगराच्या उतारावरच्या वाडीत, पावसाळ्यात, निसरड्या पाखाडीवरून विहिरीपर्यंत जाणाऱ्या बाईला जी अडचण ‘खूप’ वाटते, ती नव्या पनवेलच्या लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्या तिच्याच बहिणीला ‘थोडी’ वाटेल. गुडघे दोघींचे सारखेच. मग मोजलं काय, गुडघा की पाखाडी?

इथंच मोजणी हक्कांकडं वळते. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार १३ डिसेंबर २००६ ला मंजूर झाला. त्याचा गाभा असा की अपंगत्व एकट्या शरीरात नसतं. शरीरातली उणीव आणि बाहेरचे अडथळे एकमेकांवर आपटतात, तिथं ते तयार होतं. भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला करार स्वीकारला. त्यातून आपला २०१६ चा कायदा आला. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. कुष्ठरोगातून बरे झालेले आधीही होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यात पोळलेले नव्यानं आले. सरकारी नोकरीत चार टक्के, उच्च शिक्षणात पाच टक्के आरक्षण. कागद उत्तम आहे, हे मोकळेपणानं म्हणावं.

आता देशांची तुलना करणारे काय करतात ते बघू. एक पद्धत अशी की राज्यघटना वाचायची. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेत भेदभाव करू नये अशा कारणांच्या यादीत अपंगत्व आहे. जर्मनीनं १९९४ ला ते आपल्या घटनेत घातलं. आपल्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. या पट्टीवर आपण नापास. दुसरी पद्धत कायदे वाचायची. एकवीस प्रकार आणि आरक्षण बघून आपण पहिल्या बाकावर. तिसरी, करार मंजूर केला आहे का बघायचं. यात अमेरिका मागं पडते. १९९० चा त्यांचा अपंग कायदा जगानं गिरवला, पण ४ डिसेंबर २०१२ ला त्यांच्या सिनेटमध्ये करार मंजुरीला आला तेव्हा ६१ विरुद्ध ३८ मतं पडली, दोन तृतीयांश जमले नाहीत, करार पडला. बॉब डोल म्हातारपणी चाकाच्या खुर्चीवर सभागृहात आले होते, त्यांच्याच पक्षाच्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं. आता मंजुरी नाही म्हणून अमेरिकेतल्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला बसमध्ये चढता येत नाही का? येतं. आणि मंजुरी आहे म्हणून आपल्या एस.टी.त चढता येतं का?

याच्या उलट ब्रिटन. त्यांनी करार घेतला आणि त्याचा जोड-करारही घेतला, ज्यामुळं संयुक्त राष्ट्रांच्या समितीला तक्रारीवरून चौकशी करता येते. चौकशी झाली, आणि २०१६ मध्ये समितीनं सांगितलं की सरकारी मदतीतल्या कपातीमुळं तिथं अपंगांच्या हक्कांची गंभीर किंवा पद्धतशीर पायमल्ली झाली. जगभर बातमी. भारतानं जोड-करारावर सहीच केलेली नाही. म्हणजे अशी चौकशी आपली होऊच शकत नाही, आणि असा शेराही पडू शकत नाही. जो दार उघडतो त्याच्या घरातली धूळ दिसते. तुलनेच्या तक्त्यात मात्र दार बंद ठेवणारा स्वच्छ दिसतो. या शास्त्रावर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप कुठला, तर हा. तक्ते करणारी माणसं हुशार असतात, त्यांना हे कळत नाही असं नाही. पण रंगीत नकाशात हिरवा, पिवळा, लाल एवढंच मावतं.

या रकान्यांत आणखी एक खोड आहे, ती टक्केवारीत लपते. “अपंगांपैकी इतक्या टक्के लोकांना पेन्शन मिळते” असं वाक्य वाचलं की खालचा आकडा कुठला ते विचारा. एखाद्या देशानं फक्त अगदी तीव्र अपंगत्व मोजलं तर खालचा आकडा लहान, मग पेन्शनची टक्केवारी आपोआप मोठी. पण त्याच देशात अपंगांच्या नोकरीचा आकडा वाईट दिसणार, कारण मोजलेत तेच लोक ज्यांना काम मिळणं सगळ्यात अवघड. ज्यानं गुडघेदुखी, कमी ऐकू येणं सगळं मोजलं, त्याच्याकडं नोकरीचा आकडा छान आणि पेन्शनचा फाटका. धोरण तेच ठेवून निकाल फिरवता येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं २०१२ मध्ये यातून एक बरी वाट सुचवली. तीन थर वेगळे मोजा. कायदा आहे का, हा पहिला. तो चालवायला यंत्रणा, पैसा, माणसं आहेत का, हा दुसरा. माणसाच्या आयुष्यात काय पडलं, हा तिसरा. आम्ही म्हणतो मधला थर धरा. कारण आपल्याकडं सगळं त्या मधल्या थरात अडकतं, आणि त्याचं नाव दाखला.

कायद्यात ‘अपंग व्यक्ती’ची व्याख्या कराराला धरून आहे, अडथळे वगैरे सगळं त्यात आहे. पण आरक्षण आणि बहुतेक योजना घ्यायला गेलं की दुसरी व्याख्या पुढं येते: ठरलेलं अपंगत्व किमान चाळीस टक्के. हे चाळीस टक्के डॉक्टर ठरवतात, शरीर बघून. पाखाडी बघून नाही. घर किती उंचावर आहे, शाळा किती लांब, आई मजुरीला जाते का, याला त्या कागदावर जागा नाही. जर्मनीतही अशी मोजपट्टी आहे, तिथं ‘तीव्र अपंग’ची रेघ पन्नासवर आहे. पण ते पन्नास आणि आपले चाळीस एका पट्टीवरचे नाहीत, तेव्हा आपण दहानं उदार असं कुणी म्हणू नये. २०२१ मध्ये विकाश कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परीक्षेला लेखनिक घ्यायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यांना लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता, आणि ते नागरी सेवा परीक्षेला बसत होते. रेघ कायद्यानंच आखली, आणि ती कुठं चालते कुठं नाही हे कळायला दिल्लीच्या कोर्टापर्यंत जावं लागलं.

आता हा दाखला किती जणांकडं आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१८ च्या उत्तरार्धात विचारलं. २८.८ टक्के. ज्यांना पाहणीनंच अपंग धरलं, त्यांच्यापैकी. दहातल्या सात जणांकडं कागद नाही, म्हणजे बहुतेक योजनांची दारं बंद. आमच्या मते सगळ्या जागतिक तक्त्यांपेक्षा हा एक आकडा भारताबद्दल जास्त सांगतो, आणि तो कुठल्याही रंगीत नकाशावर नसतो.

तळ्यातून विचार करा. जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय अलिबागला. एखाद्या वाडीतला माणूस आधी मिनीडोर धरणार, मग एस.टी., मग दुसरी एस.टी. बरोबर एक माणूस हवाच, म्हणजे दोघांचं भाडं आणि दोघांची मजुरी बुडाली. ज्या डॉक्टरनं तपासायचं तो त्या दिवशी हवा. एक चाचणी बाहेरून करून आणा म्हटलं की आणखी एक फेरी. १ जून २०२१ पासून अर्ज ऑनलाइनच करायचा आहे. चांगली गोष्ट आहे, देशभर एकच कार्ड, चाळीसच्या आत पांढरं, चाळीस ते ऐंशी पिवळं, त्यावर निळं. पण अर्ज भरायला मोबाइलवर ओटीपी लागतो, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळावं लागतं, आणि पावसात डोंगराआड रेंज जाते. शिबिरं होतात तेव्हा खरोखर सोपं होतं, हेही सांगितलं पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रानं अपंगांसाठी स्वतंत्र खातं काढलं, त्यानंतर शिबिरांचा जोर वाढलेला दिसला. पण हक्क शिबिराच्या तारखेवर अवलंबून असेल तर तो किती टक्के हक्क, याचं कार्ड कुठल्या रंगाचं?

कागद मिळाल्यावर काय मिळतं? संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला हजार रुपये २०२३ मध्ये दीड हजार झाले. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वउत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. आता गंमत बघा. समजा एका डोंगरी ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न वर्षाला दोन लाख आहे. पाच टक्के म्हणजे दहा हजार. वीस अपंग असतील तर डोई पाचशे. आणि समजा धाटाव किंवा महाडसारख्या एमआयडीसीलगतच्या एखाद्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न दोन कोटी आहे, तर तिचे दहा लाख. दोन्हीकडं नियम शंभर टक्के पाळला. तक्त्यात दोन्हीकडं बरोबरची खूण. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांची तुलना जिथं फसते, तिथं नॉर्वे आणि नायजेरिया एका रांगेत मांडताना हात थोडा थरथरायला हवा.

इमारतींचंही तसंच. २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. मुदत जून २०२२ ला संपली. मग ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ज्या नियमावर हे सगळं उभं आहे तो नुसत्या शिफारशींचा आहे, बंधनकारक नियम करा. रतुरी स्वतः दृष्टिहीन, आणि त्यांची मूळ याचिका २००५ ची. (तळगडावर रॅम्प बांधा असं कुणी म्हणत नाहीये. कचेरीच्या तीन पायऱ्यांचं चाललंय.)

इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग तुलना सोडूनच द्या. तसं आमचं मुळीच म्हणणं नाही. तुलना झाली नसती तर १९८१ ला प्रश्नच विचारला गेला नसता. जगात पंधरा टक्के आणि आपल्याकडं सव्वादोन का, हा टोमणा संघटनांच्या हातात नसता तर सरकारला जाब विचारता आला नसता. सातचे एकवीस प्रकार झाले ते बाहेरच्या कराराकडं बोट दाखवूनच. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात काम उभं केलं, त्या पिढीला हातात ना कायदा होता ना करार. आज निदान कागद आहे, आणि तो कमी पडतो हे दाखवायला दुसऱ्या देशाचा कागद आहे.

फक्त तुलनेचं एकक बदला, एवढंच. दर देशात, राजधानीपासून सगळ्यात लांबच्या तालुक्यातल्या माणसाला अपंगत्वाचा कागद मिळवायला किती फेऱ्या लागतात, किती दिवसांची मजुरी बुडते, आणि नाकारला तर दाद मागायला कुठं जावं लागतं? हे जपानला विचारता येतं, केनियाला विचारता येतं, रायगडलाही विचारता येतं. याला घटना वाचावी लागत नाही, आणि उत्तर अपंग माणूस स्वतः देऊ शकतो. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातून अपंगांनीच अपंगांच्या मुलाखती घेऊन हक्क तपासायची एक पद्धत चालते, ती या दिशेची आहे. ती हळू चालते, नकाशा लवकर तयार होत नाही, म्हणून वर्तमानपत्रात येत नाही.

आता जवळचं. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. गुरुजी किंवा बाई दारात येतील. तेव्हा आजीचं न दिसणं, आजोबांचं न ऐकणं, घरातल्या पोराची फिट, सुनेचं बाळंतपणानंतर बिघडलेलं मन, हे सांगायचं की नाही ते घरात आधी बसून ठरवा. शिक्षक मंडळी इथं बरीच दिसताहेत. तुमच्या प्रशिक्षणात या प्रश्नाला किती मिनिटं मिळतात ते मोजून आम्हाला कळवा. माईक आता खाली देतो. मागच्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर एक ताई बसल्यात, पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.